बर्ट साकाचनं ब्युइक दिली त्याची गोष्ट

बर्ट साकाचसारखा गाडी चालवणारा ओहायोतल्या पूर्व टोलेडोत दुसरा झाला नाही. हे बर्ट स्वतःच सांगायचा, पण तो सांगायचा म्हणून ते खोटं ठरत नाही. सत्तावन्न साली, सोळाव्या वर्षी त्यानं लायसन्स काढलं. तेव्हापासून छप्पन्न वर्षं गाडी हाकली, पण दंडाची एक पावती नाही की गाडीवर एक ओरखडा नाही. गिअरबॉक्सच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली. नदीच्या या काठाला जेवढ्या गाड्या फिरतात त्यातल्या निम्म्यांच्या पोटात आपला हात लागलेला आहे, असं तो म्हणायचा. ऐकणाऱ्यानं नुसतं ‘हो का?’ म्हटलं तरी बर्टला पुरायचं. मग पुढचा अर्धा तास त्याचाच.

पण एवढं शिकलेला हात त्यानं वापरला कुणासाठी? अर्नीसाठी.

अर्नी त्याचा धाकटा भाऊ, तीन वर्षांनी लहान. सहा वर्षांचा असताना गोवर निघाला, ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे गेले. आई पाच माणसांचा स्वयंपाक करून वर लोकांची धुणी धुवायची. तिनं नऊ वर्षांच्या बर्टला ओट्याजवळ उभं केलं आणि सांगितलं, “हा आता तुझा.” बस, एवढंच. तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही आणि बर्टला पुन्हा ऐकायची गरज पडली नाही. पुढं अर्नी कोलंबसला अंधांच्या शाळेत राहायला गेला. दर शुक्रवारी सव्वाशे दीडशे मैल जाऊन त्याला घरी कोण आणायचं? बर्ट. बर्फ पडो, वादळ येवो. पुढं अर्नीनं कोर्टाच्या इमारतीत सँडविच आणि च्युइंगगमचा स्टॉल घेतला आणि तीस वर्षं चालवला. रोज सकाळी साडेसहाला त्याला तिथं कोण सोडायचं? रात्रपाळी करून आलेला बर्ट, न झोपता.

गाड्या बदलल्या, अर्नीची जागा बदलली नाही. पुढच्या सीटवर उजवीकडे. बर्टचं लग्न झालं तेव्हा नवी नवरी डोलोरेस दार उघडून पुढं बसायला गेली तर तिथं आधीच अर्नी. ती मागं बसली. पंचेचाळीस वर्षं मागंच बसत आली. “माझं लग्न मागच्या सीटशी झालंय,” असं ती सगळ्यांना सांगायची. स्वतः गाडी शिकायचा तिनं एकदाच प्रयत्न केला, शेजाऱ्याची पत्रपेटी आडवी केली आणि तिथंच शिक्षण संपलं.

आणि बर्ट नुसता सोडायचा आणायचा नाही. तो अर्नीला रस्ता सांगायचा. गाडी निघाली की बर्टचं तोंड सुरू. “हां, डावीकडं सायकलवाला, चड्डी बघ कसली घातलीय, केशरी. चर्चच्या पायरीवर कबुतरं. मिसेस कोवाचनं पुन्हा केस रंगवलेत, या खेपेला गाजरासारखे.” अर्नी डोकं मागं टेकून ऐकायचा आणि हसायचा. जे बर्टनं पाहिलं ते अर्नीनं पाहिलं, असा त्यांचा हिशोब. शहरात कुठल्याही आंधळ्या माणसानं टोलेडो एवढं पाहिलेलं नसेल. बर्ट म्हणायचा, डोळसांनीही नसेल.

त्या वर्षी मार्चमध्ये बर्ट एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. कुणाला सांगितलं नाही. काही महिन्यांपासून असं व्हायचं, की ज्याच्याकडं बघावं तेच दिसायचं नाही. कडा दिसायच्या. माणसाचे कान दिसायचे, टोपी दिसायची, पण चेहऱ्याच्या जागी कुणी काचेवर तेलकट अंगठा फिरवावा तसा डाग. डॉक्टर म्हणाला, पडद्याचा मधला भाग झिजलाय, वाढतच जाणार, आजपासून गाडी बंद. कागदावर लिहूनही दिलं. बर्टनं कागदाची घडी करून विजारीच्या खिशात घातली. विजार धुण्यात गेली. डोलोरेसनं पांढरा लगदा पुढं धरला.

“हे काय होतं?”

“लॉटरीचं तिकीट.”

“लागलं होतं का?”

“नाही.”

आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ब्युइक काढली. का नाही काढणार? एकवीस वर्षांची गाडी, मरून रंगाची, आतून अजून नव्यासारखा वास. रस्ते तर त्याला पाठच होते. कुठं वळायचं, कुठला सिग्नल लांब चालतो, सगळं हातांना ठाऊक. डोळे लागतात कशाला? आणि खरं सांगायचं तर बर्टला गाडी जाईल याचं भय नव्हतं. गाडी गेली तर अर्नीला कोण नेणार आणि अर्नीला न नेणारा बर्ट म्हणजे नक्की कोण, हे त्याला सुचेना. म्हणून तो हळू चालवायचा, मागच्या गल्ल्यांनी जायचा आणि तोंड मात्र बंद करायचा नाही.

जूनमधल्या एका शनिवारी तिघं हॉटडॉग खायला निघाले. बर्टची बडबड रंगात आली होती.

“होर्वातच्या बेकरीनं लाल कापडी छत बाहेर काढलंय,” तो म्हणाला. “दारात दोन बायका. एकीच्या टोपीत पीस आहे बघ, मोराचंच असेल. होर्वात काउंटरवर पोट टेकून उभा.”

अर्नी हसला नाही. नुसतं “बरं,” म्हणाला. मागं डोलोरेसला ठसका लागला.

“काय झालं?”

“काही नाही. चालव तू.”

पुढच्या वळणावर बर्टनं गाडी डावीकडं घेतली. रस्ता मोकळा होता. म्हणजे बर्टला मोकळा दिसला. तेवढ्यात अर्नी जिवाच्या आकांतानं ओरडला, “थांब! बर्ट, थांब!”

छप्पन्न वर्षांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. बोनेटच्या पुढं, अगदी हातभर अंतरावर, त्या तेलकट डागातून हळूहळू एक माणूस बाहेर आला. डग, त्यांचाच पोस्टमन, पत्रांची ढकलगाडी घेऊन. ढकलगाडीचं एक चाक कुरकुरायचं. अर्नीनं ते चाक ऐकलं होतं.

डगचा चेहरा पांढराफटक. “मिस्टर साकाच, तुम्ही तर माझ्याकडंच बघत होतात! मी हातसुद्धा केला तुम्हाला!”

“ऊन आलं रे डोळ्यांवर,” बर्ट म्हणाला.

“कुठलं ऊन?” मागून डोलोरेस. “सकाळपासून ढग आहेत.”

हॉटडॉग खाल्ले. येताना बर्टनं दर चौकात गाडी पूर्ण थांबवली आणि अर्नीनं प्रत्येक वेळी काच खाली करून कान बाहेर काढला. ‘चल,’ तो म्हणायचा तेव्हाच बर्ट हलायचा. दोघांपैकी कुणीही, आपण हे असं का करतोय, ते बोललं नाही. घरी आल्यावर गॅरेजमध्ये गाडीच्या छतावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. डगला तीन मुली आहेत, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवसानंतर त्यानं किल्ली लावली नाही. कुणी विचारलं तर सांगायला कारण शोधत बसला.

कारण अर्नीनं दिलं.

बुधवारी डोलोरेसनं चिकन पाप्रिकाश केलं होतं. अर्नी वरच्या मजल्यावर राहायचा, पण जेवायला खाली. पावानं रस्सा पुसत तो सहज बोलल्यासारखं बोलला, “आमच्या संस्थेला गाड्या हव्यात म्हणे. रेडिओवर सांगत होते. जुनी गाडी द्या, न्यायला आम्हीच येतो.”

संस्था म्हणजे मॉमी अंध मदत संस्था, तिथल्या नदीच्या नावाची. अर्नी दर गुरुवारी तिथं जायचा.

“आंधळ्यांना गाड्या?” बर्ट हसला. “चालवणार कोण तुमच्यातला?”

“निघेल एखादा तुझ्यापेक्षा बरा,” डोलोरेस ताट उचलत म्हणाली.

“लिलावात विकतात रे,” अर्नी म्हणाला. “त्या पैशातून पांढऱ्या काठ्या, शिकवणीचे वर्ग, असं सगळं चालतं.”

“मग लोक भंगार देत असतील. दारं नसलेली, मांजर व्यालेली. माझी गाडी काय भंगार आहे?”

“तेच म्हणतोय मी. सगळे भंगारच देतात. आजवर त्यांनी मेणानं पॉलिश केलेली गाडी कधी पाहिलीच नसेल.”

बर्टनं हातातला पाव खाली ठेवला. हा डाव त्याला कळला नाही असं नाही. पण डाव कसला छान होता! कुणी त्याची किल्ली काढून घेत नव्हतं. तो देत होता. किल्ली काढून घेतली जाणं वेगळं आणि आपण देणं वेगळं.

“दुसऱ्या दिवशी सगळ्या संस्थेत बोलतील,” तो म्हणाला.

“बोलणारच,” अर्नी म्हणाला.

“साकाचची गाडी, म्हणून लिलावात बोली वाढेल.”

“नक्की.”

डोलोरेसनं नळ मोठा सोडला आणि त्यांच्याकडं पाठ केली. ती हसत होती की रडत होती, हे बर्टला दिसलं नाही आणि अर्नीला ऐकू आलं नाही.

सकाळी बर्टनं फोन लावला. पलीकडं यव्हेट नावाची बाई होती. तिनं विचारलं, “गाडी चालू स्थितीत आहे का?” इथं तिची चूक झाली. बर्टनं तिला पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचं सगळं ऐकवलं. तेल किती मैलांना बदललं, टायर कधी फिरवले, बर्फाचं मीठ खालून कसं धुतलं. बाई बिचारी ‘हो, हो’ म्हणत राहिली. शेवटी तिनं सांगितलं, “एकच लक्षात ठेवा, मिस्टर साकाच. मालकीच्या कागदावर आधी सही करू नका. ओहायोत ती नोटरीसमोरच करावी लागते. आधी केली तर कागद वाया.”

“बाई, मी बारा गाड्या घेतल्या आणि अकरा विकल्या,” बर्ट म्हणाला. “मला शिकवू नका.”

आणि फोन ठेवून त्यानं नेमकी तीच चूक केली.

विसरला म्हणून नाही. त्याला नोटरीच्या टेबलापुढं, चार लोकांसमोर, कागदाला नाक लावून रेघ शोधायची नव्हती. म्हणून घर रिकामं बघून तो खिडकीजवळ बसला, दिवा लावला, भिंग घेतलं. मान वाकडी केली की डोळ्याच्या कडेनं थोडं दिसायचं. अर्धा तास लागला. गाडी किती मैल पळली तो आकडा घातला, सही ठोकली, नेहमीची, शेपटीवाली. नोटरीचं काय, नुसता शिक्का मारायचा, आपण सांगू की ही आमचीच सही, तो काय नाही म्हणणार? कागद पाकिटात घालून तो असा ऐटीत उठला जणू कारखानाच विकून आलाय.

गाड्यांच्या कागदांच्या सरकारी कचेरीत दोघं भाऊ टॅक्सीनं गेले. ब्युइक का नाही, असं डोलोरेसनं विचारलंच. “धुऊन पॉलिश केलीय,” बर्ट म्हणाला. “आता रस्त्यावर नेऊन धूळ बसवू?” अर्नीनं टोपी घातली आणि काठी घेतली.

काउंटरवर मिसेस ट्रिपलेट नावाची बाई होती, तीच तिथली नोटरी. आवाज वयस्कर, कडक, पण मायाळू. अर्नीला बघताच म्हणाली, “अर्नी! कोर्टात तुझी टर्की सँडविच खाऊन मी वीस वर्षं काढली.”

“मोहरीची चटणी जास्त, लोणच्यातली काकडी नको,” अर्नी म्हणाला.

“देवा! आवाजावरून?”

बर्टची छाती फुगली. त्यानं पाकीट पुढं सरकवलं. “घ्या. सगळं तयार करून आणलंय. तुम्ही नुसता शिक्का मारा.”

कागद उलगडल्याचा आवाज झाला.

“मिस्टर साकाच,” ती म्हणाली, “सही माझ्यासमोर करायची असते.”

“माझीच आहे. ओळखपत्राशी जुळवून बघा. शेपटी बघा.”

“तेवढंच नाही हो.” तिचा आवाज खाली आला. मागं रांगेत माणसं होती. “तुम्ही विकत घेणाऱ्याच्या जागी सही केलीय. म्हणजे, अर्धी तिथं आणि अर्धी खालच्या छापील मजकुरावर. मैलांचे आकडे एकावर एक पडलेत. हे खोडताही येत नाही, खोडलं की कागद बाद.” मग तिनं विचारलं, “रेघ कुठं आहे, ते तुम्हाला दिसलं होतं का?”

बर्टला तिचे कानातले दिसत होते, हिरवे. चेहरा दिसत नव्हता. चेहरा दिसत नाही तेव्हा माणूस आपल्यावर हसतंय की आपली कीव करतंय, हेही कळत नाही. त्याला वाटलं वळावं आणि बाहेर पडावं, पण दार कुठल्या बाजूला, तेही घाईत आठवेना.

“नाही दिसलं त्याला,” अर्नी म्हणाला. हळू, पण रांगेला ऐकू जाईल असं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं. “नवा कागद काढून द्या, मॅडम. फी मी देतो. आणि सही इथंच करू.”

नवा कागद पाच मिनिटांत छापून आला. अर्नीनं आपल्या पाकिटातून एक पातळ काळी पट्टी काढली. बँकेच्या कार्डाएवढी, मधोमध आडवी फट कापलेली. “ही जरा रेघेवर बसवा,” तो मिसेस ट्रिपलेटला म्हणाला. तिनं बसवली. मग त्यानं बर्टचा हात धरला आणि त्याचं बोट फटीत ठेवलं. “या खिडकीत सही करायची. कड लागली की थांबायचं.”

बर्टनं बोट फिरवलं. “एवढ्याशा फटीत? माझी सही मावायची नाही.”

“साठ वर्षं माझी मावते.”

“तुझं नाव लहान आहे.”

“बर्ट, आडनाव एकच आहे आपलं.”

मागं रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बर्टलाही हसू आलं. हसता हसताच त्यानं सही केली, शेपटी आत घेऊन. मिसेस ट्रिपलेटनं शिक्का मारला. “उत्तम,” ती म्हणाली. “अगदी सरळ रेघेत.”

“सरळच असते माझी,” बर्ट म्हणाला.

बाहेर बाकावर टॅक्सीची वाट बघत दोघं बसले. बर्टनं बराच वेळ बूट फरशीवर घासला.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“बेकरीपासून.”

“बेकरीचं काय?”

“बर्ट, होर्वातची बेकरी पाडली. दोन महिने झाले. डोलोरेसनं मला तेव्हाच सांगितलं होतं, तिथं आता नुसता खड्डा आहे.”

बर्टच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाल छत, दोन बायका, मोराचं पीस. खड्ड्याच्या काठावर. “मग तिथल्या तिथं बोलायचं की, गाढवा!”

“काय बोलू? इतकं छान सांगत होतास,” अर्नी म्हणाला. “आणि होर्वातचं पोट मला पुन्हा बघायला मिळालं.” मग तो गंभीर झाला. “पण बोलायला हवं होतं. डगच्या वेळी मला कळलं, आपण गप्प बसलो ते चुकलं. तुला राग आला असता तर आला असता.”

“आला असता,” बर्ट म्हणाला. “मी तुला गाडीतून खाली उतरवलं असतं.”

“मी बसनं घरी आलो असतो.”

पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला संस्थेनं पाठवलेला ट्रक दारात आला. बर्टनं आदल्या दिवशी नंबरप्लेटी काढून ठेवल्या होत्या. गंजलेले स्क्रू नुसत्या बोटांच्या अंदाजानं काढले, एकही घसरला नाही. याचं कौतुक त्यानं डोलोरेसला तीनदा सांगितलं. ट्रकचा ड्रायव्हर तरणा होता, दारनेल नाव. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि शीळ घातली.

“बॉस, ही खरंच देताय तुम्ही? मी रोज सहा गाड्या उचलतो. अशी नाही उचलली.”

“ऐकलंस अर्नी?” बर्ट म्हणाला.

“सगळ्या गल्लीनं ऐकलं,” डोलोरेस पायरीवरून म्हणाली.

दारनेलनं ट्रकची उतरती फळी खाली सोडली. “चालू आहे ना? मग साखळी लावत नाही, चढवूनच घेऊ. मी चढवू का तुम्ही चढवताय? सरळ वर घ्यायची, बस. तुमचीच गाडी आहे.”

बर्टचा हात आपोआप खिशात गेला. बारा फूट. फक्त बारा फूट, आणि सरळ. हातांना ठाऊक असलेलं काम. तो आत बसला, सीट मागं सरकवली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, आवाज लोण्यासारखा. अर्नी फाटकाजवळ उभा होता. तो काहीच बोलला नाही. तो ओरडला असता तर बर्टनं हट्टानं गाडी चढवली असती.

बर्टनं समोर बघितलं. फळीच्या दोन्ही कडा दिसत होत्या. मधला भाग नव्हता. आणि फळीच्या वरच्या टोकाला, जिथं दारनेल इशारा करायला उभा राहिला होता, तिथं एक हात दिसत होता, हवेत, एकटाच. त्या हाताचा माणूस नव्हता.

त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरला, चालत फळीपर्यंत गेला आणि किल्ली वर धरली.

“तू चढव,” तो म्हणाला. “मला दिसत नाहीस तू.”

एवढे चार शब्द. डोळ्यांबद्दल त्यानं आपणहून कुणाला सांगितलं ते हे पहिल्यांदा, आणि तेही एका परक्या पोराला. दारनेलनं खाली येऊन किल्ली घेतली, “यस सर,” म्हणाला आणि गाडी काचेच्या भांड्यासारखी वर चढवली. पावती दिली, हात मिळवला. ट्रक वळणावर गेला. बर्ट आणि अर्नी दोघं तोंड वळवून आवाज संपेपर्यंत उभे राहिले.

“हं,” मग अर्नी म्हणाला. “मी निघतो. गुरुवार आहे.”

“निघतो म्हणजे? कसा?”

“बसनं. दहा वाजून दहा मिनिटांची आहे.”

“तुला बसचा थांबा माहिती आहे?”

“तुझी जादा पाळी असायची तेव्हा मी काय उडत जायचो? तुला नाही माहिती?”

नव्हतं माहिती. बहात्तर वर्षं त्याच वस्तीत राहून बर्टला आपल्या घराजवळचा बसथांबा कुठं आहे, ते माहिती नव्हतं. हे मान्य करणं त्याला डोळ्यांपेक्षा जड गेलं. “मीही येतो,” तो म्हणाला. “माझ्या गाडीच्या पैशाचं ते काय करणार आहेत, ते बघायला नको?”

“यायलाच हवं,” अर्नी म्हणाला आणि त्यानं कोपर थोडं बाहेर काढलं. बर्टनं ते धरलं. डोलोरेस पायरीवरून बघत होती.

संस्थेच्या दारापर्यंत बर्ट हजार वेळा आला असेल. आत कधी गेला नव्हता. अर्नीला सोडायचं आणि गाडीत बेसबॉल ऐकत बसायचं. आत आंधळी माणसं गाणी म्हणत असतील, टोपल्या विणत असतील, अशी त्याची समजूत होती. आत गेल्यावर कांद्याचा वास आला. एक मोठं स्वयंपाकघर होतं, चार ओटे, सहा सात माणसं. कुणी अर्नीला ‘मिस्टर साकाच’ म्हणालं. बर्टनं सवयीनं ‘काय?’ केलं, तर ते त्याला नव्हतंच. एक बाई म्हणाली, “मिस्टर साकाच, मी काल एकटीनं सूप केलं. भाजलं नाही, सांडलं नाही.” अर्नीनं कोट काढला, हात धुतले, टाळी वाजवली आणि सगळे गप्प झाले. बर्टच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. अर्नी इथं येत नव्हता. अर्नी इथं शिकवत होता.

यव्हेट, फोनवरची, वही घेऊन आली. “तुम्हीच ब्युइकवाले! बाहेर सोफा आहे, अर्नीचा वर्ग होईपर्यंत बसा. कॉफी देते.”

बर्ट उभा राहिला. सोफा मऊ असणार, कॉफी गरम असणार, आणि तिथं बसलं तर तो पुन्हा सोडायला आलेला भाऊ. यव्हेटला गाडी देणारा माणूस माहिती होता. दुसरं काही माहिती नव्हतं. सांगितलं नाही तर कधी कळणारही नाही.

“वर्ग कुणासाठी आहे?” त्यानं विचारलं.

“ज्यांची नजर नुकतीच चाललीय त्यांच्यासाठी. मोठ्या वयात.”

“मग लिहा नाव,” बर्ट म्हणाला. “साकाच. पूर्ण नाव बर्टलन. मार्चपासून.”

यव्हेटनं लिहिलं. अर्नीनं ऐकलं असणार, कारण त्याचा सुरीचा हात क्षणभर थांबला. पण तो गुरुजी होता. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, “नवीन माणूस तिसऱ्या ओट्यावर. उशिरा येणाऱ्यानं एप्रन स्वतः शोधायचा.”

एप्रन सापडला. उलटा बांधला गेला. कांदा कसा धरायचा, बोटांची टोकं कशी आत वळवायची आणि सुरी बोटांच्या पेरांना टेकवून कशी चालवायची, ते अर्नीनं सांगितलं. बर्टला पहिल्या कांद्याला पाच मिनिटं लागली आणि फोडी पावाच्या लाद्यांएवढ्या निघाल्या. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा होता, निवृत्त फायरमन, त्याच्या फोडी तांदळासारख्या.

“पहिलाच दिवस?” म्हातारा म्हणाला.

“हो.”

“घाबरू नका. गुरुजी चांगला आहे. शहरात असा दुसरा नाही.”

बर्टनं सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि छाती बाहेर काढली.

“तो ना?” तो म्हणाला, सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असा. “माझा धाकटा भाऊ आहे. सांगतो तुम्हाला, ऐका…”

“तिसरा ओटा,” अर्नी म्हणाला, “गप्पा नंतर. दुसरा कांदा घे.”